खिंडी, खिंडी दे

३ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. अण्णा आहेत, जसे होते तसेच आहेत. पत्र लिहितोय त्याला कारणं दोन. एक म्हणजे फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. दुसरं कारण आत घडी घालून ठेवलंय, ते पुढे सांगतो.

अण्णांना झटका येऊन पाच महिने झाले. उजवी बाजू गेली ती गेलीच. डाव्या हाताने चमचा धरतात, निम्मं तोंडात जातं, निम्मं छातीवर. बोलणं बंद. अगदीच बंद नाही, एक शब्द उरलाय. "खिंडी." तोंड पुसताना खिंडी, जेवताना खिंडी, कूस बदलताना खिंडी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादाच मागे राहतो, त्यात अर्थ शोधत बसू नका. पण ते नुसतं बडबडत नाहीत गं. माझ्याकडे बघून म्हणतात आणि मग उत्तराची वाट बघतात. मी काय उत्तर देणार?

खिंडी म्हणजे क्लचचा तो स्क्रू ड्रायव्हर, टोकाला मधोमध खाच असलेला. एवढं माझ्यासारख्या पाणीखात्यातल्या कारकुनालाही माहीत आहे. मला वाटतं, त्यांना त्यांची काळी मोटारसायकल चालू झालेली ऐकायचीय. दर रविवारी ती बाहेर काढायचे, दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि पुसून परत आत. आता पाच महिने जागची हललेली नाही. मी ढकलून बघितली तर क्लच दाबूनही चाक सुटत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, हिची हत्यारं कधी बाजारात मिळायचीच नाहीत. ज्याची गाडी, तोच बनवायचा." ज्याची गाडी तो पलंगावर पडलाय, हे त्याला काय सांगू.

घरातली खिंडी सापडत नाहीये. तू बनवून पाठवशील का? फोटोत माप कळत नाही, असं तूच एकदा म्हणाली होतीस, म्हणून क्लचचं झाकण उघडून आतल्या नटावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. तो कागद सोबत आहे.

ये, असं म्हणत नाही. म्हणून काही होत नाही हे नऊ वर्षांत शिकलो.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा कागद मिळाला. त्यावर नटाचा नाही, तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे. परत घे. पातळ कागद घे, पेन्सिल आडवी धर आणि हलक्या हाताने घास. टोकाने गिरवायचं नाही. तुम्हा कारकुनांना टोकाने लिहायची सवय. एकच नट, पण स्वच्छ उमटलेला.

काय उमटायला हवं ते समजून घे. क्लचच्या प्रत्येक स्प्रिंगवर एक गोल नट असतो. त्यावर स्क्रूला असते तशी आडवी चीर. पण नटाच्या मधून एक दांडी वर आलेली असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्या दांडीवरच टेकतो, चिरेत शिरतच नाही. म्हणून त्याच्या पात्याचा मधला भाग कापून टाकायचा. मग दोन दात राहतात, दांडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. मला चिरेची लांबी हवी आणि दांडीची जाडी. आमच्या फॅक्टरीच्या टूल रूममध्ये मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे.

पण सापडत नाही म्हणजे काय? भिंतीवरच्या फळीवर, डावीकडून तिसऱ्या खिळ्याला असते. माझ्या लहानपणापासून तिथेच आहे. अण्णा स्वतःचं जेवण विसरतील पण हत्यार खिळ्याला अडकवायला विसरायचे नाहीत. नीट बघ.

आणि एक सांग. खिंडी म्हणतात ते कसं म्हणतात? मागितल्यासारखं की हाक मारल्यासारखं? कान देऊन ऐक आणि मग लिही.

येण्याचं तू काढलं नाहीस ते बरं केलंस. रजा नाही. आणि खरं सांगू, दमलेय रे मी. घरी येते, चपला काढते आणि तिथेच भिंतीला टेकून बसते. उठून पाणी प्यायचं सुद्धा जिवावर येतं.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

नवीन ठसा पाठवतोय. हा सातवा आहे. आधीच्या सहांवर बायकोने दुधाचा हिशोब लिहून टाकला. क्लचचं झाकण उघडं ठेवलं म्हणून तेल गळून फरशीवर डाग पडलाय आणि त्याबद्दल मला रोज ऐकावं लागतं. तू म्हणालीस म्हणून तेही ऐकून घेतो.

खिंडी कसं म्हणतात ते दोन दिवस कान देऊन ऐकलं. मागितल्यासारखंच म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकाच्या गाडीखाली झोपून हात बाहेर काढायचे आणि "पान्हा" म्हणायचे, तसं. हात पण तसाच पुढे करतात, डावा. तू असं का विचारलंस?

इकडचं काय लिहू. सकाळी दोघांनी मिळून अण्णांना उचलायचं, चादर बदलायची, कपडे बदलायचे, मग ऑफिस. संध्याकाळी परत तेच. बायकोची कंबर गेलीय. ती काही म्हणत नाही, पण हल्ली भांडी बसून घासते. परवा ऑफिसात एकाच घराला दोनदा नळ तोडायची नोटीस काढली मी. साहेब म्हणाले, घरी जा. मी म्हटलं, साहेब, तिथे नको, इथेच बसतो.

फळीचे खिळे गंजलेत. कळवतोच.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

ठसा आता कामाचा आहे. मागितल्यासारखं म्हणतात, बरं. कळलं.

मी खिंडी करते, तोवर तू दुसरं हत्यार कर. स्प्रिंगा सुटल्या तरी सगळं काम व्हायला मधला मोठा नट काढावा लागतो, आणि तो फिरवायला गेलं की सगळा क्लचच गरगर फिरतो. त्याला धरून ठेवायला अण्णांचं एक हत्यार होतं. क्लचच्या झिजलेल्या दोन प्लेटा घ्यायच्या. एकीला दात बाहेरच्या कडेला असतात, दुसरीला आतल्या. एकीवर एक ठेवून वेल्डिंग करायचं आणि एक लांब पट्टी मुठीसारखी जोडायची. बाहेरचे दात क्लचच्या बाहेरच्या डब्याला धरतात, आतले मधल्या भागाला, आणि मग काहीच हलत नाही. अण्णा त्याला नवरा-बायको म्हणायचे. एकमेकांना धरून बसतात आणि दोघंही जागचे हलत नाहीत, म्हणून. आई चहा घेऊन आली की गुपचूप "प्लेटा दे" म्हणायचे.

जुन्या प्लेटा बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. तुमच्या ऑफिसात पाइप जोडणारा वेल्डर असेलच. मधल्या नटाला मात्र मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. त्याचं वेगळं आहे.

फळीबद्दल मी काय विचारलं आणि तू काय लिहिलंस? कारकून गोलगोल लिहितो तेव्हा फाइल हरवलेली असते. खरं काय ते लिही.

ताई


१५ मार्च

ताई,

फाइल हरवलेली नाही. मीच फाडली.

फळी नाही, डबा नाही, बाक नाही. काहीच नाही. दवाखान्यातून अण्णांना आणलं तेव्हा पलंग आतल्या दारातून जाईना. पुढच्या दुकानाच्या खोलीतच लावायचा ठरलं. जागा करायची होती. ते वाकडेतिकडे गज, वेल्डिंग केलेल्या पट्ट्या, तुटक्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर बघून मला वाटलं, हे सगळं मोडकं आहे. चांगले पान्हे तेवढे ठेवले. बाकी भंगारवाल्याला देऊन टाकलं. तुटक्या टोकाचं जे वाटलं ती खिंडीच होती, हे मला नंतर कळलं.

अण्णा तेव्हा पलंगावरच होते. मी त्यांचं तोंड भिंतीकडे करायला हवं होतं, तेही सुचलं नाही. पोती बाहेर जाताना त्यांनी बघितली. त्याच दिवशी दुपारी पहिल्यांदा "खिंडी" म्हणाले.

आता कळलं मला उत्तर का देता येत नाही? दिवसातून पन्नास वेळा ते मला विचारतात, आणि मी चोरासारखा उशी सारखी करतो. तू चिडणार हे माहीत आहे. चीड. पण ते हत्यार लवकर पाठव गं. मला त्यांच्या हातात ठेवायचंय.

तुझं पत्र आल्यावर भंगारवाल्याकडे जाऊन आलो. ढिगात दोन झिजक्या प्लेटा मिळाल्या. बाकी सगळं वितळायला गेलंय.

धाकटा


२४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचून इतकी चिडले की ताट तसंच ठेवून उठले. मग परत येऊन गार झालेलं जेवले. तुला शिव्या घालायला ताकद लागते, ती उरलेली नाही. शिवाय तू त्यांना रोज उचलतोस आणि मी इथे बसून हत्यारांची आठवण काढतेय. मला काय अधिकार.

पार्सलमध्ये खिंडी आहे. मशीनवर कापली, दोन मिनिटांत झाली. आधी क्लचला लावू नकोस, आधी त्यांच्या डाव्या हातात दे.

आता जे लिहिते ते तुला माहीत असायचं कारण नाही, तू तेव्हा पाळण्यात होतास. मी सात वर्षांची होते. पुढचे वरचे दोन दात एकदमच पडले. अण्णांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, खिंड पडली!" तेव्हापासून मी खिंडी. त्याच आठवड्यात त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर कापला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "ही बघ तुझी बहीण." मग दुकानात आम्ही दोघंच असलो की रोजचं सुरू झालं. गाडीखालून हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "खिंडी, खिंडी दे." दात आले, लांब वेण्या आल्या, तरी तेच. मी डाव्या हाताने काम करायचे म्हणून कधी "उलट्या आट्याची" म्हणायचे, पण ते रागावले की.

दुकान मला हवं होतं, हे तुला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी मी तसं म्हटलं तेव्हा दोन गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "बाईच्या हातात कुणी गाडी देणार नाही." दुकान तुला दिलं आणि तू वर्षभरात शटर ओढलंस. त्याचा राग तुझ्यावर कधीच नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी मला पाळण्यातल्या नावाने हाक मारली. आई गेली तेव्हा मी आले, तेव्हा सुद्धा. परक्या बाईला मारतात तशी.

तर ते खिंडी म्हणतात ती कुठली? तुझं पहिलं पत्र आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. मागितल्यासारखं म्हणतात असं तू लिहिलंस तेव्हा बसल्या जागी रडू आलं, या वयात, एका स्क्रू ड्रायव्हरवर जळून.

हत्यार हातात आल्यावर गप्प झाले तर तसं लिही. नाही झाले तर तसं लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस, एवढं कर.

ताई


४ एप्रिल

ताई,

जसं झालं तसं लिहितो. मन राखायची अक्कल मला कुठून येणार?

पार्सल शनिवारी आलं. रविवारी सकाळी अण्णांचं खाणंपिणं उरकलं, त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि खिंडी डाव्या हातात दिली. मग मूठ घट्ट धरली, टोक तोंडाजवळ आणलं आणि अंगठा त्या खाचेत घातला. आत-बाहेर, आत-बाहेर. मग पात्यावरून अंगठा फिरवायला लागले. एकदा या बाजूने, एकदा त्या. खिडकीच्या उजेडात धरून तिरकं करून बघितलं. गिऱ्हाइकाने परत आणलेलं काम बघायचे, तसं अगदी. बायको चहा हातात घेऊन उभी राहिली, मी पण उभा.

आणि मग म्हणाले, "डावी."

ताई, सात महिन्यांत दुसरा शब्द. मला वाटलं डावा हात दुखतोय. मी हात चोळायला लागलो तर माझा हात झटकला. पातं माझ्या नाकाशी धरलं आणि परत म्हणाले, "डावी." म्हणून मी पात्याकडे नीट बघितलं. कानशीचे ओरखडे आहेत, बारीक, तिरके. मला त्यातलं काय कळतंय? पण घरात एक कानस उरली होती. बाहेर जाऊन मी एका गजावर घासून बघितली. माझे ओरखडे एकीकडे झुकतात, तुझे दुसरीकडे. डाव्या हाताने घासलं तरच तसे होतात.

मशीनवर दोन मिनिटांत झाली म्हणालीस. मशीन डावखुरं असतं का गं?

आत आलो तर हसत होते. डावीच बाजू हसते आता, पण हसतच होते. मग खिंडी माझ्या हातात परत दिली. आपणहून. हत्यार त्यांना नको होतं. ते देऊन झाल्यावर दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "खिंडी."

या खेपेला मी कान दिला. तू दोनदा विचारलं असतंस तर दोनदा चुकलो असतो, कारण ते तुला मागतातच तसं. पान्हा मागितल्यासारखं. त्यांना दुसरी हाक मारता येते का कधी? आई असताना आईलाही तशीच मारायचे.

क्लचचं सांगतो. खिंडी अशी बसली की मला स्वतःचाच आदर वाटला. स्प्रिंगा सुटल्या. प्लेटा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, चाकूने एकेक सोडवली आणि पुसली. वेल्डरने नवरा-बायको करून दिले, तेही छान बसले. मग तुझं न ऐकता मी मधल्या नटाला हात लावला. सगळा जोर लावला, पट्टी वाकली, नट ढिम्म. अण्णा पलंगावरून बघत होते आणि बोट हवेत गोल फिरवत होते. मला वाटलं, चिडलेत. मी थांबलो.

धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

मशीन डावखुरं नसतं. मशीनच नाही.

दोन वर्षं झाली. मनगट सुजायला लागलं तेव्हा त्यांनी मला टूल रूममधून काढून खिडकीवर बसवलं. पोरं येतात, हत्यार मागतात, मी वहीत सही घेते आणि हत्यार देते. तू कागदावर बसतोस तशी मीही कागदावरच बसते. तुम्हाला सांगायची लाज वाटली. एवढं भांडून घर सोडलं ते ह्यासाठी का, असं अण्णा म्हणतील वाटलं. ती खिंडी मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला बांधून घासली, आठ संध्याकाळी. मनगट शेकायचं आणि घासायचं. मी साऱ्या फॅक्टरीला फसवू शकते, त्यांच्या अंगठ्याला नाही.

तुझं पत्र मी खिडकीवर बसूनच वाचलं. समोर एक पोरगा ड्रिल मागत उभा होता. त्याला दोनदा करवत दिली.

रजा मागितली. नाही म्हणाले. मग मनगट दाखवलं आणि डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. दोन वर्षं पर्समध्ये घेऊन फिरत होते ती. तीन आठवडे मिळाले. बावीस तारखेला सकाळच्या गाडीने येते. वहिनीला म्हणावं, मी असेपर्यंत अण्णांना उचलायला तिने वाकायचं नाही, आणि चहात साखर मी सोडलेली नाही.

मधला नट तसाच राहू दे. अण्णा चिडले नव्हते, तुला दिशा दाखवत होते. तो उलट्या आट्याचा आहे. साऱ्या जगाचे नट ज्या बाजूला फिरवल्यावर सुटतात, त्या बाजूला फिरवलास तर तो घट्ट होतो. तू रविवारभर तो आवळत होतास. आता तो मीच काढते.

आणि अण्णांना माझ्याकडून एक विचारून ठेव. गिऱ्हाईक कुणी उरलेलं नाही, गाडी एकच आहे, तीही त्यांची स्वतःची. ती बाईच्या हातात द्यायची का?

ताई


१६ एप्रिल

ताई,

कार्डच टाकतोय, तू निघायच्या आत मिळावं म्हणून.

विचारलं. तू लिहिलंस तसंच, शब्द न बदलता, पत्र हातात धरून वाचून दाखवलं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते झटक्यापासून कधीही येतं, म्हणून मी त्यावरून काही ठरवलं नाही. मग हात पुढे केला. मी खिंडी दिली. ती त्यांनी उशीखाली सरकवली आणि वर डोकं ठेवलं.

त्याला तीन दिवस झाले. मला देत नाहीत. आज क्लचच्या कामाचं निमित्त करून मागितली तर मान हलवली. म्हटलं, "मग कुणाला देणार?" तर दाराकडे बघितलं. चादर बदलायची राहिलीय, उशी उचलू देत नाहीत. लवकर ये.

धाकटा